धागा: लग्नपत्रिकांचं वाफेचं इंजिन करतोय (डब्ल्यूजी, १:२५) – मदत पाहिजे

पुठ्ठेवाला_भुसावळ
नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भुसावळात जन्म, घर रेल्वे लाइनला लागून, त्यामुळे गाडीचा आवाज आला नाही तर झोप लागत नाही अशी आमच्या घराची गत. डोक्यात होतं की एक वाफेचं इंजिन करायचं, पूर्ण कागदाचं, आणि नुसतं शोकेसमधे ठेवायचं नाही तर हाताने ढकललं की चाकं, रॉड, सगळं फिरलं पाहिजे. तयार किट मिळतात बाहेरच्या देशातल्या इंजिनांचे, पण जर्मन नाहीतर पोलिश इंजिन करून मी काय करू, आपल्या शेडमधे जे उभं राहायचं तेच पाहिजे ना.

आधी डब्ल्यूपी घेतलं होतं हातात. तेच ते, पुढून गोळीसारखं नाक आणि त्यावर चांदणी, मेल-एक्सप्रेसवालं. त्या नाकाने माझं नाक कापलं. कागद एका बाजूनेच वाकतो, दोन्ही बाजूंनी फुगत नाही, त्यामुळे आकाशकंदिलासारख्या पाकळ्या कापून जोडाव्या लागतात, बारा पाकळ्या केल्या, जोडल्यावर इंजिन कमी आणि सोललेलं संत्रं जास्त दिसायला लागलं. मग गुपचूप मालगाडीवर आलो. डब्ल्यूजी. पुढून चपटं तोंड, सरळ बॉयलर, पुढे दोन छोटी चाकं, मधे आठ मोठी, मागे दोन. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेलं पहिलं इंजिन देशबंधू हे याच जातीचं आणि १९७० चं तिथलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन अंतिम सितारा पण याच जातीचं, म्हणजे ब्रॉडगेजची सुरुवात पण हाच आणि शेवट पण हाच.

स्केल १:२५ घेतलंय. मोठी चाकं खरी ५ फूट दीड इंच म्हणजे १५६२ मिमी, आपल्याकडे ६२.५ मिमी. ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर खरं १६७६, आपल्याकडे ६७ मिमी. टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, धरून इंजिन मीटरभराच्या आसपास जाईल. बायकोने विचारलं ठेवणार कुठे, त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

मटेरियल म्हणजे लग्नपत्रिका. गेल्या दोन सीझनच्या साठवल्यात, पिशवीभर आहेत, एकदम कडक कार्ड, फुकट. अडचण अशी की बॉयलर गोल करताना कार्ड मधेच मोडतं, गोल न होता षटकोनी होतं, आणि जोड पण जुळत नाही, साधारण मिलिमीटरभर फट राहते. माप तीनदा तपासलं. काय चुकतंय?

अमळनेरी
भाऊ भारी काम शे. आमनाकडे इतल्या पत्रिका येतस नही, आमले कोनी बलावत नही.

बाइंडर_जळगाव
पुठ्ठेवाले भाऊ, मी तीस वर्षं बाइंडिंगच करतोय तर कागदावर बोलायचा थोडा हक्क आहे. तुमचं कार्ड मोडतंय कारण तुम्ही ते उलट्या ग्रेनने वाकवताय. कागद मशीनवर बनतो तेव्हा त्याचे तंतू एका दिशेने लागतात, त्या दिशेला समांतर घडी घातली की गुपचूप वळतो, आडवी घातली की कटकट करतो आणि मोडतो. पुस्तकात पण ग्रेन पाठीच्या कण्याला समांतर ठेवतात, नाहीतर पुस्तक उघडं राहत नाही, फटकन मिटतं.

ओळखायचं कसं, तर एकाच पत्रिकेतून दोन पट्ट्या काप, एक उभी एक आडवी, सारख्याच मापाच्या, आणि एका टोकाला दोन्ही एकत्र धरून आडव्या ठेव. जी जास्त लोंबेल तिच्यात ग्रेन आडवा आहे. बॉयलरला ग्रेन चिमणीपासून केबिनकडे लांबीत जायला पाहिजे. आणि गोल करायच्या आधी कार्ड टेबलाच्या कडेवरून खाली ओढायचं हळूहळू, चार-पाच वेळा, दरवेळी थोडं जास्त. एकदम लाटण्यावर गुंडाळलं की झालाच षटकोन.

दुसरं, लग्नपत्रिकेवर प्लास्टिकचं लॅमिनेशन असतं, त्यावर गम धरत नाही. आज धरेल आणि महिन्याने सुटेल. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने जोडापुरतं घासून घ्या. सोनेरी छपाई असेल तर ती पण.

गणितवाल्या_ताई
फटीचं उत्तर मी देते. तुम्ही आतल्या चकतीचा व्यास घेऊन त्याला पायने (π) गुणलंत, बरोबर? कागदाला जाडी असते. वळवल्यावर आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, आणि लांबी कायम राहते ती मधल्या रेषेची. समजा चकती ७० मिमी आणि कार्ड ०.४ मिमी, तर पट्टीची लांबी ३.१४१६ गुणिले ७०.४ म्हणजे २२१.२ येते. तुम्ही घेतली असेल २१९.९. हीच तुमची सव्वा मिलिमीटरची फट.

त्यावर दुसरा थर चढवणार असाल तर तो आणखी २.५ मिमीने लांब घ्या, तिसरा त्याहून २.५ ने. प्रत्येक थराचा जोड वेगळ्या जागी ठेवा, सगळे पोटाखाली आले तर तिथे टेंगूळ येईल.

अमळनेरी
मॅडम, माले दहावीले तुम्ही पाहिजे व्हतात.

पुठ्ठेवाला_भुसावळ
दोघांनाही साष्टांग. काल रात्री परत केला, एकदम नळकांडं! पट्ट्या धरून बघितलं तर पत्रिकांमधे पण निम्म्या उभ्या निम्म्या आडव्या निघाल्या, आता दोन गठ्ठे वेगळे केलेत.

एक गंमत सांगतो, छापील बाजू आत ठेवलीय ना, त्यामुळे चिमणीतून बॅटरी मारून बघितलं की बॉयलरच्या आत लिहिलेलं दिसतं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून". आणि फायरबॉक्सच्या दारापाशी कुठल्यातरी चिरंजिवांचं "माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं". ते तसंच ठेवणार आहे.

कोळसेवाला_काका
मी वाचतो आहे. नातू टाइप करून देतो. १९६८ साली भुसावळ शेडला क्लीनर लागलो, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, पुढे शंटर, ड्रायव्हर. डब्ल्यूजीवर फावडं मारलेलं आहे. चांगलं करता आहात. स्मोकबॉक्स, म्हणजे बॉयलरच्या पुढचा चिमणीखालचा भाग, चकचकीत काळा करू नका, तो भाग तापायचा, तिथला रंग उडालेला राखेसारखा असायचा. बॉयलर काळा, स्मोकबॉक्स करडा. एवढंच.

पुठ्ठेवाला_भुसावळ
काका!! तुम्ही धाग्यावर आलात यातच सगळं आलं. प्लीज येत राहा.

आता चाकांवर अडलोय. आठ मोठी चाकं ६२.५ ची, हाताने गोल कापली की प्रत्येक वेगळं. कंपासला ब्लेड बांधून बघितलं, पुठ्ठ्याचे थर खाली जातील तसं ब्लेड तिरकं होतं आणि चाकाची कढई होते.

पुठ्ठेवाला_भुसावळ
मिळालं उत्तर, घरातच होतं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली. बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि पोरांबरोबर झोक्यावर गेली. मी सहज व्हर्नियर लावला तर बाहेरून ६२.१! विचारलं माप काय तर म्हणे दोन-चार. मला वाटलं २.४ इंच असेल, म्हटलं मग ६१ आतून यायला पाहिजे, येतंय ५७. तर ते दशांश नाहीच मुळी, दोन इंच आणि चार सोळांश. म्हणजे सव्वादोन. दोन-चार आतून ५७.१५, दोन-सहा ६०.३, दोन-आठ ६३.५. बायकांना हे सगळं पाठ असतं आणि मी इतकी वर्षं बांगड्या आणून देतोय आणि मला पत्ता नाही.

तर दोन-चारची साधी धातूची बांगडी, अडीच मिलिमीटर जाड, म्हणजे बाहेरून बरोब्बर डब्ल्यूजीचं चाक. आणि डब्ल्यूपीचं ५ फूट ७ इंचाचं चाक या स्केलला ६८ येतं, ते दोन-आठच्या बांगडीत बसतं! मणेराच्या दुकानात इंजिनाची चाकं मांडून ठेवलीत आणि कोणाला माहीत नाही. डझन घेऊन आलो. दुकानदार म्हणाला लग्न आहे का घरात, म्हटलं नाही, इंजिन आहे.

शुद्ध_कागद
माफ करा पण मला पटलं नाही. धाग्याचं नाव कागदाचं इंजिन आणि चाकाला धातूची बांगडी? मग उद्या बॉयलरला पीव्हीसी पाइप लावा, परवा मोटर बसवा. कागदकामाची मजाच ही की सगळं कागदातून निघालं पाहिजे. मी स्वतः धुरा पण कागदाचा करतो.

अमळनेरी
आन गम बी कागदनाच का भाऊ?

शुद्ध_कागद
चेष्टा करा. पण तोफेच्या चाकाला सायकलची रिंग लावून मॉडेल म्हणणारे पण बघितलेत मी.

बाइंडर_जळगाव
भांडू नका, दोघांचं होईल असं सांगतो. बांगडी चाक म्हणून नको, साचा म्हणून वापरा. दोन-सहाची घ्या, ६०.३ वाली. साध्या झेरॉक्सच्या कागदाची पट्टी कापा, चाकाच्या रुंदीची, तिला खळ लावून बांगडीच्या आत आतल्या बाजूने गुंडाळत जा, घट्ट, थरावर थर, चार-पाच मिलिमीटर जाडी होईपर्यंत. वाळली की थोडी आवळते आणि आपोआप सुटते. मग बाहेरून कार्डाचे तीन फेरे द्या, ०.३६ चं कार्ड असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून २.२ वाढतात, झाले ६२.५. ही कडी लोखंडासारखी होते, टेबलावर आपटून बघा.

खळ म्हणजे मैद्याची, आणि शिजवताना चिमूटभर मोरचूद घालायचं, नाहीतर झुरळं आणि कसर इंजिन खाऊन टाकतील. मोरचूद विषारी असतं, लहान पोरं असतील तर हात लावू देऊ नका, आणि ते भांडं परत स्वयंपाकात नको. पांढरा गम चालेल पण त्यात पाणी जास्त, पातळ हात द्यायचा.

शुद्ध_कागद
हे मान्य. हे बरोबर आहे.

पुठ्ठेवाला_भुसावळ
बाइंडरभाऊ तुम्ही देवमाणूस. आठही कड्या झाल्या, व्हर्नियरमधे ६२.४ ते ६२.६, यापेक्षा सारखी चाकं मला मशीनवर पण जमली नसती. आरे मी १ मिमीच्या ग्रे बोर्डचे कापले, दोन थर, मधे एक चकती. कापल्यावर कडेला फेविक्विकचा थेंब सोडला की ते पुठ्ठ्यात जिरून कडक होतं, मग घासता येतं. थेंब सोडताना नाक लांब ठेवा, धूर डोळ्यात जातो.

डझन बांगड्यांपैकी सात बायकोने घालून टाकल्या, त्यामुळे खर्च वाया गेला असं नाही.

आता मधे पंधरा दिवस बंद होतं काम. मे महिना, ४५ च्या वर पारा, कूलरशिवाय बसणं शक्य नाही आणि कूलरच्या हवेत बसलं की कागद ओल धरतो. इंजिनाची खालची लांब फ्रेम रात्री सरळ ठेवली होती, सकाळी धनुष्य. पावणेदोन फूट लांब तुकडा, मधे तीन मिलिमीटर वर. कूलर बंद केला तर मीच वाळतो. शेवटी पहाटे पाच ते आठ काम, आणि झालेला प्रत्येक भाग दोन कोऱ्या कागदांत घालून आईच्या पाट्याखाली. आईला चटणी वाटायची असली की आधी इंजिन बाजूला काढावं लागतं.

पाचोरा_पीजे
आमच्याकडे बघा कोणीतरी. पाचोरा-जामनेरची आमची छोटी गाडी मार्च २०२० मधे थांबली. ५६ किलोमीटरची लाइन, अडीच फुटी गेज. या स्केलला रुळांमधलं अंतर किती येईल ताई? मला गाडी तरी करायची आहे, डबे सोपे दिसतात.

गणितवाल्या_ताई
७६२ भागिले २५, साडेतीस मिमी. भुसावळच्या ६७ शेजारी ठेवाल तर निम्म्याहून कमी. डबा करा नक्की, खिडक्या सगळ्या एकाच पट्टीत कापा, एकेक नको.

पुठ्ठेवाला_भुसावळ
मंडळी, मोठ्ठा प्रॉब्लेम. चाकं बसली, चारही धुरे बसले, दोन्ही बाजूचे साइड रॉड, म्हणजे मोठी चाकं एकमेकांना जोडणारे दांडे, बसले. पुढे ढकललं की अर्धा फेरा मस्त जातं आणि मग खटकन अडतं. जोर लावला तर एक धुरा उलटा फिरतो आणि बाकीचे तीन सरळ, रॉड तिरका होतो, काल एक रॉड मोडला. रॉडची भोकं आणि फ्रेमची भोकं एकाच पट्टीवर एकदम टोचलीत, अंतर तंतोतंत आहे. धुऱ्याला पेन्सिलची पूड लावली, तरी तेच. दोन्ही बाजूंचे फोटो टाकतोय, इंजिन जागचं हललेलं नाही, फक्त मी टेबलाला वळसा घालून दुसरा काढलाय.

कोळसेवाला_काका
फोटो पाहिले. दोन्ही बाजूंच्या क्रँकपिना, म्हणजे चाकावरच्या ज्या पिनांत रॉड अडकतो त्या, खाली आहेत. डावी पण खाली, उजवी पण खाली. असं इंजिन शेडच्या बाहेर निघणार नाही.

दोन्ही बाजूंमधे काटकोन पाहिजे. एका बाजूची पिन खाली असेल तेव्हा दुसऱ्या बाजूची पुढे किंवा मागे. पिस्टन टोकाला गेला की त्या बाजूचा रॉड आणि पिन एका रेषेत येतात, तिथून वाफेने कितीही ढकललं तरी चाक फिरत नाही, डेड सेंटर म्हणायचो आम्ही. तेव्हा दुसरी बाजू ओढून नेते, कारण तिची पिन तेव्हा वर नाहीतर खाली असते, पूर्ण जोरात. तुमच्या दोन्ही बाजू एकदम डेड सेंटरला येतात. मग साइड रॉडला कळत नाही पुढच्या चाकाला वरून न्यायचं की खालून.

ते चार ठोके ऐकू येतात ना, छक छक छक छक, ते यामुळेच. एका बाजूच्या सिलिंडरचे दोन, पुढून एक मागून एक, दुसऱ्या बाजूचे दोन, आणि काटकोन असल्यामुळे चारही सारख्या अंतराने. एखादा ठोका लंगडा आला तर आवाजावरून ड्रायव्हर सांगायचा कुठल्या बाजूचं व्हॉल्व्ह बिघडलंय. मी फावडं मारता मारता ऐकायचो, मला आधी कळायचं नाही, मग कळायला लागलं.

गणितवाल्या_ताई
काका, तुमच्या ठोक्यांचा हिशेब करून बघितला, राहवलं नाही. चाकाचा घेर ४.९ मीटर, म्हणजे किलोमीटरला २०४ फेरे आणि ८१५ ठोके. ताशी ६० ने सेकंदाला साडेतेरा. जळगाव ते भुसावळ २४ किलोमीटर धरले तर प्रत्येक चाक चार हजार नऊशेच्या आसपास फेरे घालणार.

आणि पुठ्ठेवाले, तुमची चूक कुठे झाली तेही सांगते. तुम्ही डावं चाक उजव्याचं आरशातलं चित्र म्हणून छापलंत ना? त्यामुळे दोन्ही पिना एका जागी आल्या. आता तुम्ही डाव्या बाजूची चाकं धुऱ्यावर पाव फेरा फिरवून चिकटवाल, चार धुरे, चार वेळा, नजरेने. एक जरी दोन-तीन अंशांनी चुकलं तरी परत अडणार.

त्यापेक्षा धुरा चौकोनी करा. ४ मिमी रुंद पट्ट्या, ०.४ कार्डाचे दहा थर, झाला ४ बाय ४ चा दांडा. चाकात चौकोनी भोक, क्रँकपिन बरोबर चौकोनाच्या एका बाजूसमोर. उजवं चाक बसवा. डावं बसवताना एक बाजू सोडून पुढच्या बाजूवर बसवा. चौकोनाचा कोन ९० अंशांचा असतो, तो चुकूच शकत नाही. कोनमापकाची गरज नाही. फ्रेममधे फिरण्यासाठी ८ मिमीच्या गोल चकत्या घ्या, त्यांना आत चौकोनी भोक, बाहेरून गोल.

शुद्ध_कागद
ताई हे फारच सुंदर आहे. आणि पूर्ण कागदाचं आहे!!

बाइंडर_जळगाव
वा. दांडा वाळताना पीळ पडू देऊ नका, दोन पट्ट्यांमधे दाबून ठेवा. आणि दहाही थरांचा ग्रेन लांबीत.

पुठ्ठेवाला_भुसावळ
चाललं. चाललं!!! सगळे धुरे काढले, आठही चाकांची भोकं भरून परत चौकोनी कापली, दोन आठवडे गेले. काल रात्री साडेअकराला डायनिंग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकललं, कुठे अडलं नाही. आई उठून बघायला आली.

बाकीचं थोडक्यात. मेन रॉडची (पिस्टनकडून चाकाला येणाऱ्या दांड्याची) पिन चाकाच्या मध्यापासून १४.२ मिमीवर घेतली, कारण खऱ्या इंजिनाचा स्ट्रोक २८ इंच, त्याचा अर्धा. व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमधे वाफ आत-बाहेर सोडणारी दांड्यांची जुळणी) वॉलशार्ट जातीचा, म्हणजे १८४४ साली बेल्जियमच्या त्या वॉलशार्टने काढलेला, त्यात मुख्य पिनेवर एक छोटा रिटर्न क्रँक, तो साधारण काटकोनात वळवायचा, त्यावरून रॉड मागे-पुढे होऊन लिंक हलवतो. हे कागदात करताना जीव गेला, प्रत्येक सांध्याला टाचणी, तिचं टोक कापून आतून गमचा थेंब, आणि सांध्यात पातळ बटरपेपरची चकती नाहीतर गम उतरून सांधा जाम. सहा सांधे एका बाजूला. डावीकडचा एक अजून कुरकुरतो, त्याला सोडून दिलंय.

कोळशासाठी चहाचा चोथा वाळवून काळा रंगवला, टेंडरमधे भरला. काका बघा बरं.

कोळसेवाला_काका
इंजिन चांगलं. कोळसा चुकला. एवढा बारीक चुरा आला असता तर आम्ही शेडमधे भांडण केलं असतं, चुरा अर्धा चिमणीतून उडून जातो आणि मागच्या डब्यातल्या लोकांच्या डोळ्यात. ढेकळं पाहिजेत. काही डोक्याएवढी, ती आम्ही हातोड्याने फोडायचो. १:२५ म्हणजे ढेकूळ तुरीच्या दाण्याएवढं, काही हरभऱ्याएवढं. मधे एकदोन मोठी ठेवा, न फोडलेली. टेंडरच्या पुढच्या बाजूला खड्डा पाडा, आम्ही तिथूनच घ्यायचो.

पुठ्ठेवाला_भुसावळ
होय काका. लाकडी कोळसा फोडून करतो. चोथा काढला.

अमळनेरी
नाहीतर भरताना वांगं भाजेल कोळसा चाली ना?

शिरपूर_एक्सप्रेस
दादा मी अकरावीला आहे, तुम्ही चाकांच्या आणि फ्रेमच्या पानांची पीडीएफ टाकली ती प्रिंट केली. मी पण करतोय डब्ल्यूजी. खूप आवडला धागा.

पाचोरा_पीजे
शिरपूरला रेल्वेच नाही, एक्सप्रेस कुठली?

शिरपूर_एक्सप्रेस
म्हणून तर करतोय. पण दादा एक चूक आहे तुमच्यात. दोन-सहाच्या बांगडीवरची कडी चाकाच्या चित्रापेक्षा मोठी येते, बाहेर अडीच मिमी निघते. मग मी दोन-चारची घेतली, ती बरोबर बसली. आठही चाकं झाली माझी. तुम्ही बांगडीचं माप चुकीचं लिहिलंय ते दुरुस्त करा, बाकीच्यांचा गोंधळ होईल.

पुठ्ठेवाला_भुसावळ
एक मिनिट. पानाच्या खाली एक आडवी पट्टी काढलीय, तिच्यावर १०० मिमी लिहिलंय. ती मोजून सांग.

शिरपूर_एक्सप्रेस
९६

पुठ्ठेवाला_भुसावळ
अरे देवा. दुकानवाल्याने "फिट टू पेज" ठेवून छापलंय. "अ‍ॅक्च्युअल साइज" करून घ्यायला पाहिजे होतं. बांगडी बरोबर होती, कागद चुकलाय.

शिरपूर_एक्सप्रेस
आता?? आठ चाकं झाली दादा. दीड आठवडा.

गणितवाल्या_ताई
घाबरू नकोस. सगळंच ९६ टक्के आलंय म्हणजे तुझं इंजिन १:२६ चं झालं, दिसायला काहीच फरक नाही. फक्त उरलेली सगळी पानं त्याच सेटिंगवर छाप, आता मधेच १०० करू नकोस. एकच अडचण येईल. पान लहान झालं पण कार्डाची जाडी तीच राहिली, त्यामुळे धुऱ्याचं चौकोनी भोक ३.८४ आलं असेल आणि दहा थरांचा दांडा ४ चा, तो बसणार नाही.

शिरपूर_एक्सप्रेस
हो नाहीच बसत! मला वाटलं मीच जाड गम लावला. मग नऊ थर करू?

गणितवाल्या_ताई
नऊ म्हणजे ३.६, ढिला होईल आणि काटकोन जाईल. दहाच ठेव, ३.८४ ला घासून आण. चारही बाजू सारख्या घास, एकच बाजू घासलीस तर चौकोन राहणार नाही.

बाइंडर_जळगाव
काचेवर पॉलिश पेपर चिकटव आणि दांडा त्यावर घास. पेपर हातात धरून घासलास तर कडा गोल होतील.

शिरपूर_एक्सप्रेस
ओके. करतो आज. आणि दादा ती दोन-चारची बांगडी माझ्या ताईच्या चुड्यातली होती, आतून खळ लागून निळी झालीय.

अमळनेरी
पय भो. (पळ रे भाऊ.)